टिकलीखालचा दिवा

नळाच्या तोटीसारखं दिसणारं ते पिवळं चित्र
पहिल्यांदा लागलं कावळा नाक्याच्या सिग्नलला.
तेव्हापासून चार गॅरेजं झाली.
एकाने प्लग बदलले, एकाने ऑक्सिजन सेन्सर,
तिसऱ्याने टाकीचं झाकण, आणि वर
"ताई, झाकण जरा घट्ट फिरवत जावा" असं ऐकवलं.
चौथ्याने बॅटरीची वायर काढून परत लावली.
दिवा गेला. साडेतीनशे दिले.
शिये फाट्याजवळ तो परत आला,
छत्री विसरून गेलेल्या पाहुण्यासारखा.

मग आईने पर्समधून पाकीट काढलं
आणि त्याच्यावर टिकली लावली. मरून, मध्यम.
"बघू नकोस तिकडं. गाडी पळतीया न्हवं?"

सात महिने पळत होती.
माझ्याकडे येणारी माणसंही हेच सांगतात:
ऐकू येतंय की, लोकच हल्ली पुटपुटतात.
मी कान तपासते. राजारामपुरी, सातवी गल्ली.

दस्तगीर शिकलगारचं शेड उद्यमनगरात,
दोन फाउंड्र्यांच्या मधोमध.
त्याने आधी नखाने टिकली काढली,
टाकली नाही, स्टिअरिंगवर चिकटवून ठेवली.
पोराने मोबाईलवर कोड वाचला: मिश्रण पातळ.
"म्हंजे हवा जास्त," दस्तगीर म्हणाला,
"कुठनं तरी बिनहिशेबी आत शिरतीया."

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
(मी रोज हेच करते, ट्यूनिंग फोर्क घेऊन.)
एक इंजेक्टर, दुसरा, तिसरा. "चालल्यात."
पुन्हा पहिल्यापासून.

मला मात्र चार फुटांवरून ऐकू येत होतं,
दूध वर यायच्या आधी पातेलं करतं तसं
बारीक, सलग,
सहा हजार हर्ट्झच्या आसपास.
"हितं फुसफुसतंय काय तरी," मी म्हटलं.
त्याने कान नेला. उजवा. मग डावा.
"काय न्हाई ओ."
शेजारी घण पडत होता.
पोरगा खाली बघून बोल्ट पुसत होता.
त्याला ऐकू येत होतं. कधीपासून येत असणार.

आलेख मला न काढताच दिसला:
नीट चालत आलेली रेघ
तीन हजारापाशी पायरी चुकते.

दस्तगीरने वाद घातला नाही.
पेट्रोलचा डबा पोराला लांब न्यायला लावला,
उदबत्ती पेटवली.
धूर सरळ वर चालला होता,
मी दाखवलेल्या जागी आला आणि वाकला,
गुपचूप इंजिनात शिरला.
इनटेकमागची रबरी नळी, तिच्या खालच्या अंगाला,
जिथे बोट पोचतं आणि डोळा नाही,
नखाएवढी चीर.

नळी एकशे ऐंशी रुपयांची.
"तुमीच सांगितल्याली जागा," तो म्हणाला
आणि पुढचं बोलणं पान्यांच्या पेटीत शोधत राहिला.
मी कार्ड काढलं.
"येऊन जावा एकदा. पैसे नकोत. मी बघतो."
"मला काय झालंय?" तो मोठ्याने म्हणाला.
मोठ्यानेच बोलतो तो.
कार्ड खिशात गेलं, बिडीच्या बंडलामागे.

दिवा लगेच विझला नाही.
"तीन-चारदा गार करून चालवा, आपसूक जाईल."
गुरुवारी, टाउन हॉलच्या वळणावर, गेला.
आई म्हणाली, माझी टिकली कुठाय?
काचेवर डिंकाचा गोल उरलाय.
पुसते, पण धूळ नेमकी तिथेच बसते.

शनिवारी क्लिनिकच्या दारात तो पोरगा, एकटाच,
हात नीट धुतलेले.
"चाचांनी विचारलंय, कान बघाय किती वेळ लागतो."
"अर्धा तास."
खाली गल्लीत कुणीतरी
मोटरसायकल बंद न करता थांबलं होतं.
इंजिनचा ठोका अगदी स्वच्छ होता.